समोरची पार्टी खरंच किती दिवसांत पैसे देते?

कुपवाड एमआयडीसीत आमचं गॉज, बँडेज आणि कॉटन रोलचं छोटं युनिट आहे. कापड राजपालयमहून येतं, त्याचे पैसे आधी मोजावे लागतात. माल जातो औषधं आणि सर्जिकल सामान वितरित करणाऱ्या एका मोठ्या कंपनीला. त्यांच्या खरेदी विभागातले साहेब चार वर्षं एकच वाक्य ऐकवत होते, "वहिनी, आपलं पेमेंट पंचेचाळीस दिवसांत सुटतं." एका दिवाळीला बोनसपुरतेही पैसे खात्यात नव्हते, तेव्हा मी वही घेऊन बसले.

आधी त्यांचा ताळेबंद काढला. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरली की तो बघता येतो, आणि कंपनी शेअर बाजारात असेल तर फुकटच मिळतो. त्यात 'ट्रेड पेएबल्स', म्हणजे माल देणाऱ्यांची देणी, शोधा. समजा वर्षाच्या सुरुवातीला ५४ कोटी होते आणि शेवटी ६६, म्हणजे सरासरी ६० कोटी. नफा-तोटा पत्रकात मालाची खरेदी ४८० कोटी. ६० भागिले ४८०, गुणिले ३६५. साधारण ४६ दिवस. (देण्यात जीएसटी धरलेला असतो आणि खरेदीत नसतो, त्यामुळे आकडा थोडा फुगतो.)

म्हणजे साहेब खरं बोलत होते? नाही. त्यांना माल देणाऱ्या मोठ्या औषध कंपनीचे पैसे अडवले तर पुढचा माल अडतो, म्हणून तिला वेळेवर मिळतात. आमचे अडवले तर फक्त माझा फोन येतो. सरासरीत दोघी एकाच रांगेत. शिवाय ताळेबंद ३१ मार्चचा, आणि मार्चअखेर कोण किती देणी उरकतो किंवा दाबून ठेवतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून दुसरा हिशोब आपल्याच खतावणीतून. प्रत्येक बिलासाठी माल पोचल्याची तारीख आणि बँकेत पैसे जमा झाल्याची तारीख लिहा. बिलाची तारीख नको, चेकची तर मुळीच नको. मग रकमेला दिवसांनी गुणा. माझी तीन बिलं बघा: ४०,००० रुपये ३८ दिवसांत, ६०,००० रुपये ५२ दिवसांत आणि अडीच लाख ११० दिवसांत. नुसती सरासरी ६७ येते. गुणाकारांची बेरीज ३,२१,४०,०००, तिला साडेतीन लाखांनी भागलं की ९२. छोटी बिलं पटकन सोडून मोठं दाबायचं, ही युक्ती अशी उघडी पडते.

आता कायदा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या (एमएसएमई) २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दिवस मोजायचे माल पोचल्यापासून. हरकत असेल तर ती त्यांनी १५ दिवसांत लेखी कळवायची. म्हणून गोडाऊनच्या शिक्क्याची पोच जिवापाड जपा. "तुमचं बिलच आलं नाही" हे मी नव्वदाव्या दिवशी ऐकलंय. बिलावर उद्यम क्रमांकही (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणीचा) छापून घ्या, नाहीतर "तुम्ही एमएसएमई आहात हे माहीत नव्हतं" हे तयारच असतं.

त्यांच्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये सूक्ष्म-लघु उद्योगांची थकबाकी आणि त्यावरचं व्याज दाखवावं लागतं. आमच्या पार्टीच्या त्या टिपेत व्याज शून्य होतं. माझी ११० दिवसांची बिलं समोर होती, मी नुसती बघत राहिले.

थकलेल्या पैशांची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. मी अजून केलेली नाही, कारण निम्मा धंदा याच पार्टीवर चालतो. पण आमच्या सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज १२ टक्के आहे, म्हणजे ९२ दिवसांना बिलामागे ३ टक्के आमच्याच खिशातून जातात. म्हणून यावेळच्या कोटेशनवर दोन दर लिहिले: ४५ दिवसांचा जुना, त्यापुढे ३ टक्के जादा. साहेबांचा फोन आला, "वहिनी, हे काय नवीन?" मी म्हटलं, "तुम्ही पंचेचाळीसच म्हणता ना, मग दुसरा दर तुम्हाला लागणारच नाही." ऑर्डर अजून यायची आहे.