नेस्टेड राउट लिहिलात, पण ते बिल त्याच फ्लॅटचं आहे का?

रेल्स (रूबी भाषेतली वेब अ‍ॅप बनवण्याची चौकट) नव्याने शिकणाऱ्यांचा कोड तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मॉडेल (डेटाबेसच्या तक्त्याशी जोडलेला क्लास), मायग्रेशन (त्या तक्त्यांतले बदल) मुलं पटकन उचलतात. गाडी अडते ती नेस्टेड राउट्सपाशी. राउट म्हणजे कोणता वेब-पत्ता कोणत्या कोडकडे जाईल हे ठरवणारा नियम; नेस्टेड म्हणजे एकाच्या आत दुसरा. राउट चालला, पान उघडलं, की काम झालं असं त्यांना वाटतं. तिथेच थोडं थांबायला हवं.

सोसायटीच्या मेंटेनन्सचं उदाहरण घेऊ. एका फ्लॅटची अनेक बिलं. राउट्सच्या फाइलमध्ये 'रिसोर्सेस फ्लॅट्स'च्या डू-एंडमध्ये 'रिसोर्सेस बिल्स' लिहिलं की /फ्लॅट्स/४१/बिल्स/९०७ अशा धाटणीचे पत्ते तयार होतात. यातला ४१ कंट्रोलरला (पत्त्यावर आलेली मागणी हाताळणाऱ्या कोडला) 'फ्लॅट_आयडी' या नावाने मिळतो, तर ९०७ नुसत्या 'आयडी' नावाने. कंट्रोलर मात्र बिलांचा तोच. नेस्टिंग केलं म्हणून वेगळा लिहावा लागत नाही. नावं अंदाजाने लिहू नका. टर्मिनलवर 'रेल्स राउट्स' चालवा, डॅश-सी देऊन फक्त बिलांचे राउट्स मागवा आणि प्रत्येक ओळ वाचा.

आता खरा मुद्दा. राउटर फक्त पत्त्याचा साचा जुळवतो. ९०७ नंबरचं बिल ४१चं आहे की शेजारच्या ४२चं, हे तो बघत नाही. डेटाबेसशी त्याचा संबंधच नसतो. कंट्रोलरमध्ये थेट 'बिल डॉट फाइंड' असेल, तर ४१च्या पत्त्यावर ४२चं बिल बिनदिक्कत उघडतं. म्हणून आधी फ्लॅट शोधा, मग 'फ्लॅट डॉट बिल्स डॉट फाइंड' म्हणा. बिल त्या फ्लॅटचं नसेल तर 'रेकॉर्ड नॉट फाउंड'चा एरर येतो आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चालू अ‍ॅपवर, वापरणाऱ्याला ४०४ ('सापडलं नाही') दिसतं. फ्लॅटसुद्धा लॉगिन केलेल्या माणसाच्या फ्लॅट्समधूनच शोधायचा. नाहीतर पत्त्यातला ४१ खोडून ४२ टाकणाऱ्याला अडवणार कोण? दुसऱ्याच्या घराची थकबाकी कुणालाही दिसणं ही गंभीर गोष्ट आहे. मी कोड तपासताना सगळ्यात आधी हेच बघतो.

किती खोल जायचं? सोसायटी, त्यात फ्लॅट, त्यात बिल, त्यात पावती असं रचायचा मोह होतो. रेल्सची अधिकृत गाइड एका पातळीपेक्षा जास्त नेस्टिंग करू नका असं सांगते, आणि मला ते पूर्ण पटतं. चार पातळ्यांच्या पाथ हेल्परला (पत्ता बनवून देणाऱ्या मेथडला) चार आर्ग्युमेंट्स लागतात. एक चुकलं की लिंक भलतीकडे.

यावर तोडगा म्हणजे राउट्सच्या फाइलमध्ये द्यायचा 'शॅलो ट्रू' हा पर्याय. यादी, नवा फॉर्म आणि क्रिएट हे तीन राउट्स फ्लॅटच्या आत राहतात, कारण तिथे फ्लॅट कोणता हे कळणं गरजेचं असतं. शो, एडिट, अपडेट, डिस्ट्रॉय यांना नुसतं /बिल्स/९०७ पुरतं. पण या चारांत 'फ्लॅट_आयडी' येतच नाही, तेव्हा वरची तपासणी दुसऱ्या वाटेने करावी लागते: यूझर मॉडेलमध्ये 'हॅज मेनी बिल्स, थ्रू फ्लॅट्स' असं नातं जोडा आणि 'करंट यूझर डॉट बिल्स'मधूनच शोधा. फॉर्मही सांभाळा. नव्या बिलासाठी 'फॉर्म विथ' या फॉर्म बनवणाऱ्या हेल्परच्या 'मॉडेल'ला फ्लॅट आणि बिल यांचा अ‍ॅरे द्यायचा, एडिटसाठी एकटं बिल.

शेवटी एक टेस्ट लिहाच: ४१च्या मालकाने लॉगिन करून ४२चं बिल मागितलं, तर उत्तर ४०४ आलं पाहिजे.