अहिंसक कॅरेक्टर खेळताय? मग या चुका टाळा

'मी कुणालाही मारणार नाही' असं ठरवून मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट रंगवायचा खेळ) खेळायला बसले, त्या दिवशी लढाई सव्वा तास चालली आणि मी एक वाटी लसूण शेव संपवली. माझं योगदान एवढंच. इंदूरला रामबागेत आत्याच्या घरी आमचा रविवारचा डाव असतो आणि आतेभाऊ डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डन्जन मास्टर, असतो. फासे आम्ही परातीत टाकतो, कारण वीस बाजूंचा फासा दिवाणाखाली गेला की पाच मिनिटं शोधण्यात जातात. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "मी मागे उभी राहते." तिसऱ्यांदा म्हटल्यावर दादाने परात बाजूला सरकवली. "अगं, मग आलीस कशाला?"

माझा क्लेरिक (जादू येणारा पुजारी) गावोगाव फिरणारा वैद्य होता आणि त्याची शपथ मी कागदावर सुंदर अक्षरात लिहिली होती. ती सगळी 'नाही'ची यादी होती: शस्त्र धरणार नाही, जखम करणार नाही, मारेकऱ्याला साथ देणार नाही. अशा यादीने पाळी खेळता येत नाही. दर पाळीला काहीतरी करावं लागतं, आणि करण्यासारखं भरपूर असतं. हीलिंग वर्ड हा स्पेल, म्हणजे मंत्र, साठ फुटांवरून पडलेल्या मित्राला उठवतो. तोही बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या छोट्या जादा कृतीत), म्हणजे मुख्य ॲक्शन हातात राहते. ती वापरून दार लोटा, कंदील विझवा, गावकऱ्यांना बाहेर काढा. ताकद असेल तर शत्रूला कवेत धरून ठेवा, त्याचा वेग शून्य होतो आणि रक्ताचा थेंब सांडत नाही. माझा आवडता स्पेल कमांड, एका शब्दाची आज्ञा. आम्ही तो मराठीतच म्हणतो. "टाक!" म्हटलं, गॉब्लिनचा (बुटक्या राक्षसाचा) सेव्ह, म्हणजे मंत्रातून वाचायचा फासा, फसला, आणि त्याने तलवार टाकली. परातीतला तो फासा मला अजून आठवतो: चार.

रेघ कुठे आहे, ते आधी ठरवा

इथे मात्र थोडं थांबा, कारण बहुतेक भांडणं याच जागेवरून होतात. समजा तुम्ही मारत नाही, पण ब्लेस हा आशीर्वादाचा स्पेल टाकता. त्याने तीन साथीदारांच्या हल्ल्याला चार बाजूंचा एक जादा फासा मिळतो. मग तुमच्या आशीर्वादाने पडलेला डाकू कुणाच्या खात्यात? पडलेल्या फायटरला उठवलंत आणि उठल्या उठल्या त्याने कुणाची मान उडवली, तर? मी पहिल्या महिन्यात दोन्ही करत होते आणि तरी स्वतःला अहिंसक म्हणवत होते. धनुर्धारी खेळणाऱ्या मित्राने हे सगळ्यांदेखत काढलं तेव्हा मला राग आला, पण तो चूक नव्हता.

सगळ्या रेघा चालतात. 'माझ्या हाताने नाही' ही एक रेघ. 'जीव जाऊ देणार नाही, हाड मोडलं तर मोडलं' ही दुसरी, आणि खेळायला सगळ्यात सोपी. 'माझ्या मदतीनेही नाही' ही तिसरी, फार कडक. ती घ्यायची तर आधी सगळ्यांना विचारा. कोणती घेतलीत ते पहिला फासा पडण्याआधी डीएमला आणि बाकीच्यांना सांगा. खेळ सुरू झाल्यावर शपथ जाहीर केली की सगळ्यांना ती आपल्यावर लादल्यासारखी वाटते.

शपथ तुमची आहे, पंगतीची नाही. आमच्या आत्याला एकादशी असते तेव्हा ती साबुदाण्याची खिचडी खाते आणि आम्हाला कचोऱ्या वाढते; कचोरीत काय काय पाप आहे ते सांगत बसत नाही. दर लढाईनंतर प्रवचन देणाऱ्या वैद्याला पार्टी (सोबत्यांची टोळी) तिसऱ्या आठवड्यात धर्मशाळेत सोडून जाते. आमच्या पार्टीला मला सोडून जावं लागलं नाही, मी आपणहून गप्प झाले. कैद्याच्या बाबतीत मात्र बोला, आणि सोबत उपाय ठेवा. 'मारू नका' एवढंच म्हटलंत तर त्याला बांधायचं कुणी, खायला कोण घालणार, पहारा कोण देणार, हे सगळं दुसऱ्यांच्या गळ्यात पडतं. ते तुम्ही घ्या.

नियम जिथे दगा देतात

हे खेळाच्या 2014च्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे. सँक्च्युअरी स्पेल अहिंसकाची ढाल वाटते: तुमच्यावर हल्ला करणाऱ्याला आधी विस्डम सेव्ह करावा लागतो. पण तुम्ही शत्रूवर परिणाम करणारा कुठलाही स्पेल टाकलात की ती ढाल गेली. म्हणजे माझं लाडकं 'टाक!' म्हटलं की सँक्च्युअरी संपली. आणि आगीच्या गोळ्यापुढे ती तशीही कामाची नाही.

राग शांत करणाऱ्या 'काम (Calm) इमोशन्स' या स्पेलने मला सगळ्यात जास्त रडवलं. वीस फूट त्रिज्येच्या गोलातल्या माणसासारख्या प्राण्यांचा राग तो उतरवतो. लांडग्यांवर चालत नाही. मी तो पाच डाकूंवर टाकला, चौघांचे सेव्ह फसले, मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. पुढची पाळी धनुर्धाऱ्याची. त्याने पाचव्याला बाण मारला, चौघांनी आपल्या माणसाला पडताना पाहिलं, आणि स्पेल तिथेच मोडला, कारण मित्राला इजा होताना दिसली की ती शांतता संपते. चूक त्याची नव्हती. टाकण्याआधी "मी बोलणार आहे, एक फेरी थांबा" एवढं मी म्हणायला हवं होतं.

जीव न घेता पाडायचं असेल तर हल्ला जवळचा, हातघाईचा लागतो. बाणाने कुणी बेशुद्ध पडत नाही. शेवटचा हिट पॉइंट (जिवाचा गुण) जातो त्याच क्षणी 'बेशुद्ध करतो' म्हणायचं, नंतर नाही. झोपवणारी स्लीप पहिल्या लेव्हलला जादू वाटते, पण तिची ताकद पाच आठबाजूंच्या फाशांची, सरासरी साडेबावीस हिट पॉइंट्स. पुढे राक्षस मोठे झाले की ते जांभईसुद्धा देत नाहीत. आणि क्लेरिकनी लक्षात ठेवा: टर्न अनडेड या शक्तीने चालते मुडदे नुसते पळतात, पण पाचव्या लेव्हलपासून त्यातले किरकोळ थेट नष्ट होतात. चालत्या सांगाड्यांना तुमची शपथ लागू आहे का, हे त्याआधी ठरवून ठेवा. आमच्याकडे नाही.

तलवारी निघाल्यावर वाटाघाटी

इनिशिएटिव्हचे, म्हणजे लढाईतल्या पाळ्या ठरवणारे, फासे पडल्यावर "थांबा, बोलूया" म्हणणं म्हणजे वरात मांडवात आल्यावर पत्रिका जुळवणं. बोलायचं ते आधी. खेळाच्या 1981च्या बेसिक संचात यासाठी साधा नियम होता: राक्षस भेटला की डीएम दोन सहाबाजूंचे फासे टाकायचा, आणि ताबडतोब हल्ला व्हायचा तो फक्त बेरीज दोन आली तर. म्हणजे छत्तीसात एकदा. बाकी वेळा शब्दाला थोडीफार जागा होती. तुमच्या डीएमला हा तक्ता दाखवा. आमचा दादा आता सर्रास वापरतो.

पण नुसतं गोड बोलून भागत नाही. इंदुरातल्या मराठी घरात ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. 1767 साली अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेल्यावर राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले, तेव्हा बाईंनी निरोप धाडला म्हणतात: बायकांना हरवलंत तर कीर्ती मिळणार नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दादांनी उत्तर दिलं, आम्ही तर सांत्वनाला आलो होतो. हे नीट बघा. बाईंनी फौज सज्ज ठेवली होती, शेजारच्या सरदारांना कळवलं होतं, आणि राघोबांना माघारीसाठी इज्जतीची वाट उघडी ठेवली होती. गॉब्लिनच्या सरदारालाही हेच लागतं. तो पुलावर कशासाठी बसलाय? खंडणीसाठी? भुकेसाठी? आपल्या माणसांपुढे नाक कापलं जाऊ नये म्हणून? ते कळल्याशिवाय पर्सुएशनचा (मन वळवण्याचा) फासा उचलू नका, आणि त्याच्या माणसांसमोर त्याला 'शरण ये' म्हणू नका.

डीएमलाही दोन शब्द. सोडून दिलेला प्रत्येक डाकू रात्री सुरा घेऊन परत आला तर खेळणारा एकच धडा शिकतो. दहांतला एखादा परत येऊ दे. आणि एक्सपीरियन्स पॉइंट्स (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) फक्त मारण्याचे देऊ नका. सुरुवातीच्या आवृत्त्यांत बहुतेक पॉइंट्स खजिन्याचे असत, एका सोन्याच्या नाण्याला एक, मग तो लढून आणा की झोपलेल्या ड्रॅगनच्या उशाखालून.

हे सगळं करूनही तीन-चार सेशननंतर मजा येत नसेल, तर कॅरेक्टर बदला. दुसऱ्या कॅम्पेनमध्ये मी कुऱ्हाडवाली घेतली. पहिल्याच रविवारी पुलावर गॉब्लिन भेटले, मी कुऱ्हाड उपसली, आणि धनुर्धारी माझ्याकडे बघून म्हणाला, "एक मिनिट, आधी विचारून तर बघ."