मायामीकडे घर घेताय? आधी छप्पर बघा

दक्षिण फ्लोरिडात नव्याने आलेली आपली मंडळी घर बघताना शाळा, स्वयंपाकघर आणि देवघराची जागा बघतात. माझं ऐका, आधी बांधकामाचं साल विचारा. बांधकामाचं परमिट १ मार्च २००२ नंतरचं असेल तर घर राज्याच्या नव्या बिल्डिंग कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, बांधलेलं आहे, निम्मी काळजी तिथेच मिटते.

या कोडचं मूळ अँड्र्यू वादळात आहे. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे ते होमस्टेडजवळ धडकलं. बांधकामाचे नियम तेव्हाही होते, कागदावर कडकच. तपासणी मात्र नावापुरती. कोसळलेल्या घरांत छताच्या प्लायवुडला खिळ्यांऐवजी स्टेपल मारलेले निघाले, काही तर खालच्या लाकडाला लागलेच नव्हते. अकरा विमा कंपन्या बुडाल्या. माझ्या मते सरकारला खरी जाग आणली ती या बुडालेल्या कंपन्यांनी.

वादळात बहुतेक वेळा आधी खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटतं. वारा आत शिरून छप्पर खालून वर रेटतो, बाहेरचा वारा तेच वर ओढतो, आणि छप्पर गेलं की भिंतींचा आधार जातो. म्हणून मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड काउंटीत छप्पर भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी जखडावं लागतं. इम्पॅक्ट काचेच्या, म्हणजे वादळात उडून आलेल्या वस्तूंचा मार झेलणाऱ्या काचेच्या, चाचणीत तर सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने काचेवर मारतात! काच तडकली तरी चालते, आरपार भोक पडता कामा नये.

जुनं घर आवडलंय? हरकत नाही. छप्पर कधी बदललं, परमिट रीतसर बंद झालं का, म्हणजे शेवटची तपासणी पार पडली का, हे काउंटीच्या वेबसाइटवर बघा. विंड मिटिगेशनची, म्हणजे घर वाऱ्याला किती तोंड देईल याची, तपासणी करून घ्या. छपराला पट्ट्या आणि खिडक्यांना शटर असतील तर विमा कंपनीला कायद्याने सूट द्यावी लागते. पॉलिसीत हरिकेन डिडक्टिबल वेगळं असतं. चार लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमच्या खिशातले. पुराचा विमा तर स्वतंत्रच, आणि सरकारी पॉलिसी साधारण ३० दिवसांनी लागू होते. १ जूनला वादळांचा मोसम सुरू होतो, हिशेब करा.

‘परमिट कशाला, स्वस्तात करून देतो’ म्हणणारा छप्परवाला भेटेलच. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.