शंभर टनी मेक संघासाठी कसा चालवावा

उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जड मेकचे, म्हणजे संगणक-खेळातल्या आत बसून चालवायच्या अवाढव्य लढाऊ यंत्रमानवाचे, मर्म चटकन कळेल. वळण तोंडाशी आल्यावर विचार करायला त्या चालकाला सवड नसते. चढ, उतार आणि समोरून येणारी बस यांचा हिशेब त्याने बराच आधी मांडलेला असतो. 2013 साली आलेल्या ‘मेकवॉरियर ऑनलाइन’ या खेळात 12 विरुद्ध 12 अशी लढत होते, आणि त्यातील 80 ते 100 टनांचा ‘असॉल्ट’ मेक चालवणाऱ्यालाही असेच आधी ठरवून ठेवावे लागते. बेळगावात आमच्या ओळखीची मुले बहुधा हलक्या, चपळ मेकने सुरुवात करतात; मग एखादा हौसेने ॲटलस हा 100 टनी मेक घेतो, दोन-तीन मिनिटांत एकटा सापडून मरतो आणि जड मेक कामाचाच नाही असे म्हणू लागतो. मला हे पटत नाही. जड मेकचे चिलखत हे साऱ्या संघाचे भांडवल आहे, आणि ते कधी, कुठे आणि किती खर्चायचे हे ज्याला उमगले, त्याच्याभोवती संपूर्ण संघ उभा राहू शकतो.

पहिली पायरी लढाईच्या आधीची, म्हणजे मेक बांधण्याची आहे. इनर स्फिअर या खेळातल्या गटाच्या मेकमध्ये (ॲटलस त्यातलाच) वजन वाचवणारे एक्सएल इंजिन बसवले, तर धडाची एक बाजू फुटताच मेक संपतो. साधे इंजिन जड असते, पण दोन्ही बाजू गेल्या तरी मधले धड शाबूत असेपर्यंत मेक लढत राहतो. पुढे उभे राहून मार झेलायचा असेल, तर नवशिक्याने साधेच इंजिन घ्यावे. त्यानंतर चिलखताची वाटणी करावी. ॲटलसच्या मधल्या धडाला पुढचे आणि मागचे मिळून मुळात 124 गुण मिळतात, आणि ते दोन्हीकडे कसे वाटायचे हे आपल्या हाती असते. एसी/20 तोफेचा एक गोळा 20 गुणांचे नुकसान करतो. पाठीवर दहाच गुण ठेवले, तर पहिल्याच गोळ्याला पाठीचे चिलखत फुटून आतला सांगाडा उघडा पडतो. उलट पाठीवर फार गुण घातले, तर समोरून येणारा मारा सोसत नाही. बहुतेक गुण पुढे ठेवावेत आणि पाठ सांभाळण्याचे काम जागेच्या निवडीवर सोपवावे.

जागेची निवड ही दुसरी पायरी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. 300 क्रमांकाचे इंजिन बसवलेला 100 टनी मेक ताशी 48.6 किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला साडेतेरा मीटर. एसी/20 चा पूर्ण परिणाम 270 मीटरपर्यंतच मिळतो. तेवढे अंतर उघड्यावरून कापायला आपल्याला 20 सेकंद लागतात, तर ताशी 150 किलोमीटर धावणारा हलका मेक तेवढ्याच वेळात 830 मीटरच्या आसपास जातो. मागे हटण्याचा वेग तर आणखी कमी. म्हणून सामना सुरू होताच नकाशा उघडून आपले सोबती कोणत्या बाजूला निघाले आहेत ते पाहावे आणि जवळच्या वाटेने त्यांच्यासोबत राहावे. टेकाडाला वळसा घालून शत्रूच्या पाठीमागे पोहोचण्याची घाई संघातील चपळ मेकना नेहमीच असते, आणि त्या शर्यतीत मागे पडलेला असॉल्ट शत्रूच्या तावडीत अलगद सापडतो. खानापूरचा माझा मामेभाऊ अशा वेळी हेडफोनवर ओरडतो, “दादा, मागं बघ की, तू एकटाच राहिलास!” त्याने ओरडेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच “माझा वेग 48 आहे, माझ्यासाठी थोडे थांबा” असे चॅटमध्ये लिहून टाकावे; ते वाचून दोघे जरी थांबले, तरी पुष्कळ झाले.

तिसरी पायरी म्हणजे मार अंगभर वाटून घेणे. मेकचे धड पायांपेक्षा वेगळ्या दिशेला वळते, आणि नवशिके नेमके हेच विसरतात. आपण गोळी झाडली की तोफ पुन्हा भरायला काही सेकंद जातात. त्या काळात शत्रूकडे तोंड करून उभे राहिले, तर त्याचे सारे गोळे मधल्या धडावर बसतात. गोळी झाडताच धड बाजूला वळवावे, खांदा पुढे करावा, तोफ भरत आली की पुन्हा समोर यावे. ॲटलसच्या एएस7-डी प्रकारात मोठी तोफ उजव्या बाजूला असते, त्यामुळे त्यात डावा हात ढालीसारखा वापरता येतो. आडोसाही याच हिशेबाने निवडावा: उजवी बाजू तेवढी बाहेर काढून मारता येईल आणि लगेच मागे येता येईल असा कोपरा शोधावा.

उष्णतेबद्दल थोडक्यात: सगळी शस्त्रे एकदम झाडू नयेत. मेक तापून बंद पडला, तर त्या क्षणांत धडही वळत नाही.

पुढे घुसायचे ठरले, तर मात्र अर्ध्यावर थांबू नये. जड मेक वाटेत थबकला की मागून येणारे सोबती त्याच्या पाठीला अडकतात आणि उघड्यावर मार खातात. त्यामुळे सोबत किती जण आहेत ते मोजावे, “आता निघतोय” असे स्पष्ट सांगावे आणि मगच पाऊल टाकावे. आपल्याकडून या खेळाचे सर्व्हर दूर असल्याने पिंग, म्हणजे आपली हालचाल तिथे पोहोचायला लागणारा उशीर, वाढते. चपळ मेकपेक्षा सावकाश चालणारा मेक तो उशीर अधिक सहन करतो, असा माझा अनुभव आहे.

हे सर्व खऱ्या सामन्यात शिकण्याआधी टेस्टिंग ग्राउंड्स या खेळातल्याच सरावाच्या मैदानात अर्धा तास घालवावा. तेथे उभ्या असलेल्या मेकसमोर कोपऱ्यातून बाहेर येणे, एक गोळी झाडणे, धड वळवणे आणि मागे सरकणे एवढेच पुन्हापुन्हा करावे, म्हणजे धडाची दिशा आणि पायांची दिशा यांतला फरक हाताच्या अंगवळणी पडतो.