रक्षक दूताशी रोजचं नातं: प्रार्थनेतल्या चार मागण्या

प्रत्येक माणसाच्या राखणीला देवानं एक दूत दिला आहे, ही कॅथलिक श्रद्धा; तोच रक्षक दूत. त्याची प्रार्थना बहुतेक कॅथलिक घरांत पहिल्या कम्युनियनच्या (लहानपणी पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या) आधीच पाठ झालेली असते. म्हणायला पंधरा सेकंद पुरतात. पण मोठं होता होता ती ‘मला सांभाळ’ एवढ्यावर येऊन थांबते. परीक्षेला जाताना, ऑपरेशनच्या आदल्या रात्री, घोडबंदर रोडवर बाईक काढताना. मूळ लॅटिन प्रार्थनेत मागण्या चार आहेत: इल्युमिना, कुस्तोदी, रेजे, गुबेर्ना. मला प्रकाश दे, मला सांभाळ, मला आवर, मला वाट दाखव. यातला शेवटचा शब्द नावेचं सुकाणू धरण्यावरून आला आहे. ‘सांभाळ’ सोडली तर उरलेल्या तिन्ही मागण्या आपल्याला बदलायला लावतात, आणि दूताशी नातं जुळतं ते त्यांच्यामुळेच.

प्रार्थना अशी म्हणा: ‘हे देवाच्या दूता, माझ्या राखणदारा, देवाच्या करुणेनं मला तुझ्या स्वाधीन केलं आहे; मला प्रकाश दे, मला सांभाळ, मला आवर, मला वाट दाखव. आमेन.’ तुमच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात शब्द थोडे वेगळे असतील तर तेच धरा. घरात सगळ्यांचे शब्द एक असले की मुलांना सोपं जातं.

सकाळी फोन हातात घेण्याआधी, पलंगाच्या कडेला बसूनच क्रुसाची खूण करा आणि प्रार्थना म्हणा. मग त्या दिवसाची एकच गोष्ट नेमकी मागा. ‘आजचा दिवस चांगला जाऊ दे’ ही मागणी फार मोघम आहे. ती पुरी झाली की नाही, हे रात्री तपासता येत नाही. ‘अकराच्या मीटिंगमध्ये माझा आवाज चढायला लागला तर मला आवर’ ही तपासता येते. दोन-तीन गोष्टी मागितल्या की दुपारपर्यंत एकही लक्षात राहत नाही, म्हणून एकच.

दिवसा आठवण राहत नाही, ही सगळ्यांचीच तक्रार. त्यावर अलार्म लावण्यापेक्षा रोजची एखादी जागा ठरवून घ्यावी. ठाण्याहून वाशीची लोकल पकडत असाल तर गाडी सुटल्यापासून ऐरोली येईपर्यंत इअरफोन खिशात ठेवा आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणा. गर्दीत उभं राहूनही हे जमतं, ओठसुद्धा हलवावे लागत नाहीत. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचे पहिल्या फळीतले साथी संत पीटर फेबर नव्या गावात पाऊल ठेवताना तिथल्या लोकांच्या रक्षक दूतांना नमस्कार करत, त्यांची मदत मागत. ऑफिसच्या दारात हेच करा. ज्या माणसाशी वाकडं आहे, त्याच्याही दूताला मनात नमस्कार करा. त्यालाही देवानं राखण दिली आहे हे आठवलं की बोलण्याची सुरुवातच वेगळी होते.

रात्री पाच मिनिटं द्या आणि त्याच चार मागण्यांचे प्रश्न करा. आज कुठं लख्ख कळलं? कुठं वाचलो? कुठं आवरायला हवं होतं? कुठली वाट दिसत असूनही घेतली नाही? शेवटी देवाचे आभार आणि चुकलं तिथं क्षमा. तिसऱ्या प्रश्नाला रोज एकच उत्तर येत असेल तर ते पुढच्या कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देताना, घेऊन जा.

मनात आलेला विचार दूताकडचाच, हे ओळखायचं कसं? मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस सांगतात की दूत बुद्धीला आणि कल्पनेला उजेड देऊ शकतो, इच्छेवर बळजबरी करू शकत नाही. म्हणजे निर्णय तुमचाच. देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणारी, घाबरवणारी, ‘आत्ताच्या आत्ता, कुणाला न सांगता’ म्हणणारी हाक बाजूला ठेवा. ‘आईला फोन कर’, ‘त्याची माफी माग’ असली साधी टोचणी मात्र लगेच ऐका. नोकरी, लग्न, पैसा अशा मोठ्या गोष्टी केवळ आतल्या आवाजावर ठरवू नका; फादरांशी बोला.

सगळ्यात जास्त चुकतं ते नावाच्या बाबतीत. ध्यानात नाव ऐकू आलं म्हणून किंवा कुणी सांगितलं म्हणून लोक आपल्या दूताला नाव देतात. व्हॅटिकनच्या 2001च्या लोकभक्तीविषयक मार्गदर्शिकेनं यापासून परावृत्त केलं आहे; पवित्र शास्त्रातली गॅब्रिएल, राफाएल आणि मायकल एवढी तीनच नावं तिनं अपवाद धरली आहेत. नाव मिळालं की त्या नावानं हाक मारून कामं सांगायचा मोह होतो, आणि दूत तर देवाचा सेवक आहे. घड्याळात 444 दिसलं की तो दूताचा निरोप मानणं किंवा भविष्य पाहायला ‘एंजल कार्ड’ काढणं हे शकुन पाहणंच आहे, त्याचा या भक्तीशी संबंध नाही. आराधना फक्त देवाची; दूताला मान द्यायचा आणि मदत मागायची.

मूल गेलेल्या घरी ‘तुमचं बाळ देवदूत झालं’ असं कुणी म्हटलं तर तिथं दुरुस्ती करू नका. पण स्वतः म्हणताना ‘तुमचं बाळ देवापाशी आहे’ म्हणा. माणूस मेल्यावर दूत होत नाही. ते बाळ तिथंही त्या आईबापांचंच असतं, आपल्या नावानिशी. मुलांना ‘तुझा दूत बघतोय हं’ म्हणून धाकही दाखवू नका. अंधाराला घाबरलेल्या मुलाला हेच वाक्य मायेनं सांगता येतं.

रक्षक दूतांचा सण 2 ऑक्टोबरला, संपूर्ण चर्चसाठी तो पोप क्लेमेंट दहावे यांनी 1670 साली लागू केला. गांधी जयंतीची सुट्टी असल्यामुळे सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) सहकुटुंब जाता येतं. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला किंवा तुमच्या पॅरिशला (भागातल्या चर्चला) वेळ आदल्या रविवारीच विचारून ठेवा. आदल्या रात्री घरी बायबलमधलं निर्गम 23:20-23 आणि मत्तय 18:1-5 व 10 मोठ्यानं वाचा. निर्गममध्ये देव लोकांपुढे दूत पाठवतो आणि त्याचं ऐका म्हणून बजावतो. वाचून झालं की मिनिटभर कुणी काही बोलू नये, मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणावी.