छतावरचं पावसाचं पाणी: नागपूरच्या घरात ते साठवायचं कसं आणि मुरवायचं कसं

1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. पुढचा सगळा हिशेब यावरच चालतो. आपल्याकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. 1000 चौरस फूट, म्हणजे 93 चौरस मीटरचा स्लॅब असेल, तर उडून आणि सांडून जाणारं पाचवा हिस्सा पाणी वजा केलं तरी हंगामात 74 हजार लिटरच्या आसपास पाणी उतरतं. आता दुसरी बाजू बघा. हजार लिटरची टाकी भरायला याच स्लॅबला जेमतेम 14 मिलिमीटर पाऊस पुरतो. एक दणकून सर आली की टाकी काठोकाठ.

म्हणून टाकी कोणती घ्यायची हा प्रश्न नंतरचा. टाकी भरल्यावर उरलेलं पाणी कुठे जाणार, हे आधी ठरवा. 2019 च्या जुलैत पावसाने ताण दिला, पेंच धरणाचा साठा तळाला गेला आणि शहराला दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. तशा एका रात्रीत वरच्या हिशेबातल्या स्लॅबवरून सात-साडेसात हजार लिटर पाणी खाली येतं. प्रत्येक घराने ते रस्त्यावर सोडलं तर सिमेंटच्या रस्त्यांवरून ते थेट सखल वस्तीत जातं. आपल्या अंगणात मुरलेलं पाणी उन्हाळ्यात आपल्याच विहिरीला किंवा बोअरला कामी येतं.

आधी छत

नवतपा सरला की कामाला लागा. पापड-कुरडयांचं वाळवण आटोपलेलं असतं आणि मृगाच्या सरींना अजून थोडे दिवस असतात. उन्हाळ्यासाठी बांधलेली हिरवी जाळी, मोडक्या कुंड्या, उरलेल्या विटा खाली उतरवा. कबुतरांची विष्ठा खरवडून काढा, नुसती झाडून भागत नाही. मग बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते बघा. जिथे डबकं राहतं, तिथे सिमेंटचा हात फिरवून उतार नीट करून घ्या.

छत थंड राहावं म्हणून आपल्याकडे बरेच जण स्लॅबला चुना मारतात. चुना मारला असेल किंवा वॉटरप्रूफिंगचा नवा रंग दिला असेल, तर सुरुवातीचे तीन-चार चांगले पाऊस टाकीत घेऊ नका. पाणी पांढुरकं दिसायचं थांबेपर्यंत ते वाहू द्या.

पाइप

पन्नास पैशांची बचत करायची ही जागा नाही. तासाला 100 मिलिमीटरच्या जोराचा पाऊस धरला, तर चार इंची एक पाइप साधारण साडेचारशे चौरस फूट छत सांभाळतो. म्हणजे हजार फुटांच्या स्लॅबला निदान दोन पाइप हवेतच. एकच असेल तर छतावर पाणी तुंबतं आणि मग भिंतीला ओल येते. प्रत्येक तोंडावर घुमटाकार जाळी बसवा, सपाट जाळी एका पानाने बंद होते. नागपूरच्या उन्हात उघडा पीव्हीसी पाइप काही वर्षांत ठिसूळ होतो, तेव्हा त्याला ऑइल पेंट मारून ठेवा. टिनाचं किंवा कवेलूचं घर असेल तर पागोळ्यांखाली पन्हळ लावून तिचा उतार पाइपकडे द्या. बाकी सगळं तसंच.

पहिलं पाणी बाजूला

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. धूळ, विष्ठा, परागकण, जवळच्या रस्त्याचा धूर, असं सगळं पहिल्या पाण्याबरोबर खाली येतं. ते टाकीत गेलं की आठवड्यात वास सुटतो आणि मग घरचे म्हणतात, हे पाणी काही वापरण्यासारखं नाही. पहिला 1 मिलिमीटर पाऊस तरी टाकीत जाता कामा नये.

सोपी रचना अशी. छतावरून उतरणाऱ्या पाइपला टाकीच्या तोंडाच्या उंचीवर एक टी जोडा. टीचा आडवा फाटा टाकीकडे न्या आणि खालच्या तोंडाला सहा इंची, आठ फूट लांबीचा उभा पाइप जोडून तळाशी एंड कॅप लावा. या उभ्या पाइपात साधारण 45 लिटर पाणी मावतं. एका पाइपवर अर्धं छत, म्हणजे 500 चौरस फूट येत असेल, तर पहिला मिलिमीटर बरोबर त्यात बसतो. उभा पाइप भरला की पुढचं स्वच्छ पाणी आपोआप टाकीकडे वळतं. चार इंची पाइप वापरलात तर तेवढ्याच लांबीत वीस लिटरही मावत नाहीत, म्हणून इथे जाड पाइपच घ्या. टीपासून जमिनीपर्यंत आठ फूट मिळत नसतील तर दोनशे लिटरचा जुना ड्रम जोडला तरी चालतो.

एंड कॅपला तीन-चार मिलिमीटरचं एक छिद्र पाडा. पाऊस थांबल्यावर उभा पाइप त्यातून हळूहळू रिकामा होतो आणि पुढच्या पावसाला तयार राहतो. छिद्र बुजतं, तेव्हा महिन्यातून एकदा कॅप उघडून गाळ काढा. कॅप चिकटवून टाकू नका, आट्यांची घ्या.

टाकी

भरलेली हजार लिटरची टाकी एक टन वजनाची होते. काळ्या मातीवर नुसत्या विटा रचून ती ठेवली तर पावसाळ्यात एका बाजूने खचते. मुरूम ठोकून, वर काँक्रीटचा थर देऊन दीड फुटाचा ओटा बांधा, म्हणजे नळाखाली बादलीही बसेल. टाकी काळी किंवा गडद रंगाची घ्या, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाइतकाच जाड हवा. एक इंची ओव्हरफ्लो लावला की जोराच्या पावसात झाकण उचलून पाणी बाहेर येतं.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. झाकण घट्ट बसवा आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी बांधा. ही जाळी फाटली का, ते दर आठवड्याला बघा. महापालिकेच्या नळाची लाइन या टाकीला कुठेही जोडू नका, व्हॉल्व्ह लावूनही नाही.

हे पाणी कपडे, फरशी, संडास, गाडी आणि झाडं यांच्यासाठी उत्तम. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पावसाच्या पाण्यात थोड्या साबणात काम होतं. प्यायला आणि स्वयंपाकाला वापरू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका, तिला डिस्टिल्ड वॉटरच लागतं.

झड लागली की टाकी रोज वापरून रिकामी करत राहा. जुलैत पाणी जपून ठेवलं तर पुढच्या सरीला जागाच उरत नाही. जपायचं ते पोळ्यानंतरचं, परतीच्या पावसाचं पाणी.

उरलेलं पाणी जमिनीत

घरी विहीर असेल तर तुम्ही नशीबवान. महाल, इतवारी, धंतोलीकडच्या जुन्या घरांत ती असतेच, बहुधा जाळी टाकून बंद पडलेली. ओव्हरफ्लोचं पाणी आधी गाळणीच्या ड्रममधून न्या. ड्रमच्या तळाशी 40 मिलिमीटरची गिट्टी, त्यावर 20 ची, मग नायलॉन जाळी आणि सर्वांत वर फूटभर धुतलेली जाड रेती. पाणी वरून येईल आणि तळातून विहिरीत जाईल. पाइपचं टोक एल्बो लावून कठड्याच्या आत भिंतीकडे वळवा, म्हणजे धार तळावर आदळून गाळ उसळत नाही. जवळून सांडपाण्याची गडर लाइन जात असेल तर ती झिरपत नाही ना, हे आधी तपासा. बोअर असेल तर गाळणी दुपटीने महत्त्वाची. गढूळ पाणी सरळ केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या पाइपात, सोडलं तर खडकातल्या फटी बुजतात आणि त्या पुन्हा मोकळ्या करणं फार अवघड असतं.

विहीर-बोअर नसेल तर शोषखड्डा. इथे मात्र आपल्या मातीचा स्वभाव कळायला हवा. पश्चिम नागपुरात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण आहे. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी वरच थांबतं. त्यामुळे तीन फुटांवर काळी माती दिसत असताना खड्डा भरून घेतला तर तो नुसता डबक्याचा खड्डा होतो. मुरूम लागेपर्यंत खणा. मग तळाशी फूटभर पाणी ओता, ते जिरू द्या आणि पुन्हा तेवढंच ओता. दुसऱ्यांदा ओतलेलं पाणी काही तासांत उतरलं तर जागा चांगली. सकाळपर्यंत तसंच दिसलं तर जागा बदला किंवा आणखी खोल जा. पायापासून निदान दहा फूट अंतर ठेवा. पायाजवळची काळी माती भिजत-वाळत राहिली की ती फुगते, आकसते आणि भिंतींना तडे जातात. हे काम करायला आलेला माणूस पाइपची लांबी वाचवायला भिंतीला लागून खड्डा सुचवेल, त्याला ठाम नाही म्हणा.

चार फूट लांब, चार फूट रुंद, सहा फूट खोल खड्डा पुरे. तळाशी मोठे गोटे, मध्ये गिट्टी, वर जाळी आणि जाळीवर अर्धा फूट रेती. भरल्यावर आत मोकळी जागा जेमतेम नऊशे लिटरची राहते, बाकी भिस्त पाणी किती वेगाने मुरतं त्यावर. म्हणून खड्ड्यालाही एक ओव्हरफ्लो ठेवा आणि तो कुंपणाच्या कडेने, झाडांच्या आळ्यांतून फिरवत शेवटी नालीला न्या. शेजाऱ्याच्या भिंतीकडे तो वळणार नाही, एवढं पाहा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खर्च वाटला जातो आणि छत मोठं मिळतं, पण सोसायटीच्या सभेत हा विषय मार्चमध्येच काढा, जूनमध्ये उशीर झालेला असतो.

पावसाळ्यानंतर

परतीचा पाऊस ओसरला की टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडून गाळ काढा, वरचा आत येणारा पाइप बंद करा आणि टाकी झाकून ठेवा. दिवाळीआधीच्या साफसफाईला हे पाणी मुबलक पुरतं. त्यातूनही काही उन्हाळ्यापर्यंत राहिलं तर कूलरला वापरा, बोअरच्या पाण्याने ताट्यांवर जे पांढरे क्षार चढतात ते याने चढत नाहीत. मे अखेरीस शोषखड्ड्यावरची आणि गाळणीतली वरची दोन इंच रेती खरवडून काढा, तिथेच सगळा गाळ अडकलेला असतो, आणि तेवढीच नवी धुतलेली रेती पसरा.