पावसाळी भाजीपाल्यावरील रोग: पंप भरण्याआधी ओळख पटवा

सलग तीन-चार दिवस ढगाळ हवा राहिली आणि पाने रात्रभर ओली राहिली की टोमॅटो, मिरची, वांगी, काकडीवर ठिपके दिसू लागतात. ठिपका दिसला की बुरशीनाशक मारायचे, ही सवय नेमकी या दिवसांत महागात पडते. रोग जिवाणूचा असेल तर कार्बेन्डाझिमचा काडीचाही उपयोग होत नाही, आणि तोवर तो शेतभर पसरलेला असतो. म्हणून आधी पान तोडा आणि उजेडासमोर धरा.

जिवाणूजन्य ठिपका सुरुवातीला तेलकट, पाणी झिरपल्यासारखा असतो आणि उजेडात अर्धपारदर्शक दिसतो. काकडीवर तो शिरांपाशी अडतो, म्हणून कोनदार होतो. टोमॅटो-मिरचीवर ठिपके बारीक, काळपट असतात आणि बऱ्याचदा भोवती पिवळी कडा असते. कोबीवर पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पिवळा पट्टा आणि त्यातल्या शिरा काळ्या दिसल्या तर तो काळा कुजवा, म्हणजे जिवाणूच. बुरशीचा लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांवर सुरू होतो आणि डागात एकात एक वलये असतात.

तरीही शंका राहिली तर ताजा डाग असलेली दोन-तीन पाने ओल्या टिश्यू पेपरसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवा. 24 तासांनी डागाच्या कडेला पांढरी किंवा करडी लव आली तर रोग बुरशीचा किंवा केवड्याचा (डाउनी मिल्ड्यू) असण्याची शक्यता जास्त. जिवाणूच्या डागावर लव येत नाही. पाने तीन-चार दिवस ठेवू नका. मेलेल्या पानावर कोणतीही बुरशी वाढते आणि निदान चुकते.

मर रोगात हा फरक अधिक महत्त्वाचा. झाड हिरवेगार असताना भर दुपारी कोमेजले, संध्याकाळी थोडे सावरले आणि काही दिवसांत मेले, तर जिवाणूजन्य मर समजून तपासा. जमिनीलगतच्या खोडाचा पाच-सात सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि कापलेले खालचे टोक स्वच्छ पाण्याच्या पारदर्शक ग्लासात, न हलवता, बुडवून धरा. काही मिनिटांत टोकातून दुधाळ धागे पाण्यात उतरू लागले की शंका उरत नाही. धागे आले नाहीत, खालची पाने आधी पिवळी पडली होती, कधी झाडाच्या एकाच बाजूची, आणि खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी पट्टा दिसला तर ती फ्युजेरियम या बुरशीची मर. मुळांवर गाठी आहेत का तेही पाहा; सूत्रकृमींनी केलेल्या जखमांतून दोन्ही रोग सहज शिरतात.

जिवाणूजन्य मर झालेले झाड कोणत्याही फवारणीने वाचत नाही. ते मुळाभोवतीच्या मातीसकट उपटून पिशवीत भरा, ओढत नेऊ नका. त्या सरीचे पाणी पुढच्या झाडांकडे जाऊ देऊ नका. त्या जागी किमान तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको. मका किंवा ज्वारी घ्या. फ्युजेरियमसाठी लागवडीआधीच 1 किलो ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत आठवडाभर वाढवा आणि मग जमिनीत द्या. सोबत तांबेयुक्त औषध किंवा कार्बेन्डाझिम ओतले तर ट्रायकोडर्माच मरतो.

पानांवरील जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड 50 टक्के, 2.5 ग्रॅम प्रति लिटर, सोबत मॅन्कोझेब 2 ग्रॅम. हे रोग थांबवते, झालेला डाग बरा करत नाही. नवी पाने स्वच्छ येत आहेत का यावरून परिणाम ठरवा. पाने ओली असताना झाडांत शिरू नका, बांधणी-छाटणी तर मुळीच नको, कारण जिवाणू हातांनी आणि कात्रीने पसरतो. कात्री झाडागणिक 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा.

टोमॅटो-बटाट्याचा उशिरा येणारा करपा सर्वांत घाईचा. पाणथळ, हिरवट-तपकिरी डाग पडतात आणि सकाळी पानाच्या खालून डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. त्याचा कारक खरी बुरशी नसल्याने कार्बेन्डाझिम इथेही कुचकामी. डाग दिसण्याआधी, हवामान पाहून, मॅन्कोझेब 2.5 ग्रॅम, डाग दिसताच मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब 2.5 ग्रॅम किंवा डायमेथोमॉर्फ 1 ग्रॅम प्रति लिटर. एकच आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरणारे) औषध लागोपाठ दोनपेक्षा जास्त वेळा नको, प्रतिकारक्षमता येते.

भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी पूड, मात्र पाऊस उघडल्यावर येते, तिला पानावर पाणी लागत नाही. पाण्यात मिसळणारे गंधक 80 टक्के, 2 ग्रॅम प्रति लिटर पुरते. तापमान 32 अंशांच्या वर असेल, किंवा दोन आठवड्यांत तेलाची फवारणी झाली असेल तर गंधक मारू नका, पाने करपतात. काकडीवर्गीय काही वाण गंधकाला नाजूक असतात. आधी चार-पाच वेलींवर मारून दोन दिवस थांबा.

कोणतेही औषध तुमच्या पिकाच्या लेबलवर आहे का, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचे, हे वाचूनच फवारा. आणि रोगट शेतातले बी धरू नका. धरावेच लागले तर टोमॅटोचे बी 50 अंश पाण्यात 25 मिनिटे, थर्मामीटर लावून. दोन अंश जास्त झाले तरी उगवण घटू शकते.